तळ्याचा ताळेबंद

मोठा मासा लहान माशाला खातो, हे 'मत्स्यन्याय' म्हणून आपण शाळेत शिकलो आणि तेव्हापासून आपली सहानुभूती लहान माशाकडे राहिली. ती असावीच. पण तळ्याचा हिशेब सहानुभूतीवर चालत नाही. मोठा मासा नाहीसा झाला की हाल लहानांचेच होतात, हे एका माणसाने आकड्यांत मांडून दाखवले. बँकेत उभी हयात ताळेबंद तपासण्यात गेल्यामुळे मला तो माणूस फार जवळचा वाटतो.

त्याचे नाव होमर स्विंगल. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, ऑबर्न इथे त्याने १९३० च्या दशकात शेततळ्यांवर काम सुरू केले. दिवस मंदीचे होते. शेतकऱ्याच्या ताटात घरच्या तळ्यातले चार मासे यावेत, एवढाच साधा हेतू. तळ्यात दोन जाती सोडायच्या. एक ब्लूगिल, तळहाताएवढा, किडे-अळ्यांवर जगणारा, चवीला उत्तम. अख्खा तव्यात मावतो म्हणून अशा माशांना तिकडे 'पॅनफिश' म्हणतात. दुसरा लार्जमाउथ बास. हा शिकारी, ब्लूगिलच्या पिल्लांवर पोसणारा.

गंमत अशी, की गळाला आधी लागतो तो बास. मोठा मासा मिळाला म्हणून माणूस खूश होतो, आणखी पकडतो. ब्लूगिलची मादी तर एका वेळी हजारो अंडी घालते. खाणारा उरला नाही, की दोन-तीन वर्षांत तळे माशांनी नुसते गजबजून जाते. पण तव्यात टाकण्याजोगा त्यात एक नसतो. तळ्यातले अन्न तेवढेच, तोंडे मात्र दसपट. एकाच पगारात गावभरचे पाहुणे पोसावेत, तसे! मासे मरत नाहीत, खुजे राहतात. वयाने थोराड, अंगाने पोर. पुढे तर कहरच. भुकेलेली ब्लूगिल बासच्या घरट्यांवर धाड घालून त्याची अंडी फस्त करतात. म्हणजे रखवालदार परत येण्याची वाटही बंद.

स्विंगलने काय केले? तळी रिकामी केली, मासे जातवार वेगळे काढले आणि वजन केले. १९५० साली त्याने निष्कर्ष मांडला: भक्ष्य माशांच्या एकूण वजनाला शिकारी माशांच्या वजनाने भागावे. उत्तर ३ ते ६ आले, तर तळे उत्तम. १० च्या वर गेले, तर बिघडलेले. उपायही साधे. बासला हात लावू नका, लहान ब्लूगिल खुशाल काढा, पाणी थोडे उतरवा, म्हणजे पाणवनस्पतीत दडलेली पिल्ले बासच्या तोंडी येतील.

शिकारी वाढवायचा म्हणून कुठलाही आणून सोडायचा, असा मात्र याचा अर्थ नव्हे. जपानच्या तेव्हाच्या युवराजांना, अकिहितोंना, १९६० साली अमेरिकेत ब्लूगिल भेट मिळाले. ते जपानच्या पाण्यात पसरले, बिवा सरोवरातही शिरले. तिथे बासही बाहेरूनच आला. या दोन पाहुण्यांनी एकमेकांना आवर घातला नाहीच. दोघांनी मिळून तिथल्या मूळ माशांवर ताव मारला. २००७ साली सम्राट अकिहितोंनी याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. हा सम्राट स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ, हे विशेष.

आपल्याकडे ब्लूगिल नाही, पण टिलापिया आहे. १९५२ साली तो भारतात आला. उजनीच्या काठावर त्याला 'चिलापी' म्हणतात. वर्षातून अनेकदा वितो, पिल्ले तोंडात सांभाळतो, आणि गर्दी झाली की ब्लूगिलसारखाच खुजा राहतो. त्याच्यावर वचक ठेवू शकणारी आपली मरळ. मत्स्यपालनाच्या कर्जप्रकरणांत मोहाच्या पेंडीचा खर्च लिहिलेला असे. तिने तळ्यातले मरळीसारखे शिकारी मासे मारायचे, मग रोहू-कटल्याचे बीज सोडायचे. बीज वाढवण्याच्या छोट्या तळ्यात ते रास्तच. बोटभर पिल्लांत मरळ ठेवून कसे चालेल? पण तोच नियम बारमाही मोठ्या तलावाला लावला, तर रखवालदारालाच चोर ठरवल्यासारखे होते.

मरळ पिल्लांची राखण करते. पावसाळ्यात तलावाच्या कडेला इवल्या पिल्लांचा पुंजका पाण्यावर हलताना दिसतो. खाली आईबाप पहारा देत असतात. त्या वेळी गळ टाकणे सोपे, मासा हमखास मिळतो. पण त्या एका माशाबरोबर अख्खा पुंजका जातो, आणि त्याच्याबरोबर तलावाचा पुढच्या काही वर्षांचा हिशेबही. तेवढे दोन महिने गळ घरी ठेवावा. भांडवल खाऊन कुणी श्रीमंत झाल्याचे ऐकिवात नाही.