इंग्रजीत ‘खरंच’ सांगायचं कसं?

मावळातल्या वराळ्याला आमच्या ओळखीच्या एक वहिनी राहतात. त्यांच्या धाकट्याला ताप आला. त्यांनी शाळेत इंग्रजीत चिठ्ठी पाठवली आणि बाईंना पटावं म्हणून मुद्दाम लिहिलं, ‘धिस टाइम ही इज रिअली इल.’ बाईंनी हसत विचारलं, “म्हणजे मागच्या वेळी आजारी नव्हता वाटतं?” वहिनी अगदी कानकोंड्या झाल्या!

व्याकरणात काहीच चूक नव्हती. पण ‘धिस टाइम’ला ‘रिअली’ जोडलं की मागचं सारं खोटं ठरतं. अशा वेळी साधी हकीकतच लिहावी. ‘ही हॅज हॅड अ फीवर सिन्स लास्ट नाइट’, आणि ताप १०२ असेल तर तो आकडा. आकड्यावर कोण शंका घेणार?

आता ‘ॲक्च्युअली’ घ्या. ऐकणाऱ्याची समजूत वेगळी असेल तेव्हाच तो शोभतो. शेजारीण म्हणाली, “मुलगी पाचवीत ना?” तर म्हणा, ‘ॲक्च्युअली, शी इज इन द सिक्स्थ.’ दर वाक्याला तो लावला तर समोरच्याला वाटतं, ही बाई आपलं म्हणणं सारखं खोडतेय.

‘लिटरली’ म्हणजे अक्षरशः. डॉक्टरांना ‘माय बॅक इज लिटरली ब्रोकन’ सांगितलंत, तर ते आधी एक्स-रे काढायला धाडतील! दुखतंय एवढंच असेल तर ‘आय हॅव सिव्हिअर बॅक पेन’ म्हणा.

खरेदीत आणि कचेरीत दोन शब्द नीट ओळखा. ‘ओरिजिनल’ म्हणजे मूळ. दाखल्याचा ओरिजिनल मागितला तर झेरॉक्स चालत नाही. ‘ट्रू कॉपी’ म्हणजे त्याची बरहुकूम नक्कल. ‘जेन्युइन’ म्हणजे बनावट नसलेला. मिक्सरचा भाग बदलताना ‘इज धिस अ जेन्युइन पार्ट?’ असंच विचारावं. लोणावळ्याला चिक्की घेताना पाटीवर ‘ओरिजिनल’ दिसलं, तर ते दुकानदाराचं म्हणणं समजा. चव आपणच पाहायची. सोन्याला मात्र नुसतं ‘रिअल गोल्ड’ म्हटलेलं पुरत नाही. दागिन्यावरचा हॉलमार्क आणि २०२१ पासून आलेला सहा अक्षर-अंकी क्रमांक बघून घ्या.

मग आपल्या मराठी ‘च’चं काय करायचं? ‘फी भरलीच आहे’ हे इंग्रजीत कसं सांगणार? त्यालाही सोपी तोड आहे. ‘आय पेड द फी’ऐवजी ‘आय डिड पे द फी’ म्हणा. हा ‘डिड’ आपल्या ‘च’चंच काम करतो. चालू गोष्टीला ‘डू’ किंवा ‘डझ’ लावा. ‘ही डझ हॅव अ फीवर’ म्हणजे त्याला ताप आहेच. पण हेही कुणी शंका काढली तरच बरं दिसतं हं!

आणि फीची पावती तेवढी पर्समध्ये असू द्या. ‘डिड’ म्हणताना ती पुढे केली, की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.