सौम्य प्रारंभकाचे दोषसंकेत

कारखान्यातील मोठी मोटर (विद्युत् चलित्र) हळूहळू वेगात आणणाऱ्या इलेक्ट्रॉनीय साधनास सौम्य प्रारंभक किंवा सॉफ्ट स्टार्टर म्हणतात. पुरवठ्यात, मोटरीत वा भारात बिघाड आढळताच हे साधन मोटर बंद करते व दर्शकावर अक्षरांचा अथवा अंकांचा संकेत दाखविते. हाच दोषसंकेत होय. कोणती मर्यादा ओलांडली गेली, एवढेच तो सांगतो. ती का ओलांडली गेली, हे शोधावे लागते.

उपयोग : पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात पूर्वेकडील वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार इ. भागांत लहानमोठे कारखाने दाटीने वसलेले आहेत. एकाच रोहित्रावर अनेक गाळे अवलंबून असल्यास एका मोठ्या मोटरीच्या सुरुवातीने शेजारच्या यंत्रांचा विद्युत् दाब घसरतो. सूर्या प्रकल्पाच्या धामणी धरणातून या शहराला पाणी पुरविणाऱ्या योजनेसारख्या पाणीपुरवठा योजनांत मोठ्या पंपाची मोटर बंद पडणे म्हणजे वस्तीचे पाणी तुटणे होय. अशा वेळी संकेत पुसून मोटर पुन्हा चालू करण्याची घाई होते आणि किरकोळ बिघाडातून मोटर जळते.

कार्य : ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर थेट जोडलेली त्रिकला प्रवर्तन मोटर सुरू होताना पूर्णभार प्रवाहाच्या सु. ५ ते ८ पट प्रवाह घेते. सौम्य प्रारंभकात प्रत्येक कलेत (फेजमध्ये) परस्परविरुद्ध दिशांनी जोडलेली थायरिस्टरांची जोडी असते. तिच्याद्वारे दाब क्रमाक्रमाने वाढविला जातो. मोटरीचे परिपीडन, म्हणजे फिरविण्याचा जोर, दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब निम्मा केल्यास जोर एक-चतुर्थांश उरतो. अनेक दोषसंकेतांचे मूळ या नियमात सापडते.

प्रमुख संकेत : संकेतांची अक्षरे उत्पादकागणिक भिन्न असतात. उदा., श्नायडर कंपनीच्या आल्टिस्टार्ट ४८ या प्रारंभकात ‘पीएचएफ’ हा कला-खंडाचा, ‘ओएलएफ’ हा अतिभाराचा व ‘एसटीएफ’ हा लांबलेल्या प्रारंभकाळाचा संकेत आहे. म्हणून त्या साधनाची पुस्तिका पाहणे आवश्यक असते. दोषांचे वर्ग मात्र बहुधा समान असतात.

कला-खंड हा दोष फ्यूज उडणे, जोड सैल होणे, संपर्ककाचे टोक जळणे अथवा केबल तुटणे यांमुळे उद्भवतो. प्रारंभकाची चाचणी अगदी लहान मोटरीवर घेतल्यास प्रवाह अत्यल्प असल्यानेही हा संकेत उमटू शकतो. अतिभाराचा संकेत भार वाढल्याने, धारवा (बेअरिंग) अडकल्याने किंवा दाब घटल्याने येतो. चालू मोटरीवरील दाब कमी झाला की तोच भार ओढण्यासाठी ती अधिक प्रवाह घेते. प्रारंभकाळ लांबल्यास यंत्र अडकले आहे काय, अपकेंद्री पंपाची निर्गम झडप उघडी राहिली काय व प्रवाहमर्यादा फार खाली ठेवली आहे काय, हे पाहावे. न्यूनभाराचा संकेत पंप कोरडा चालत असल्याचे वा पट्टा तुटल्याचे लक्षण असू शकतो. कलाक्रम उलटल्याचा संकेत बहुधा केबलच्या दुरुस्तीनंतर दिसतो. प्रारंभक तापल्याचा संकेत वारंवार सुरुवाती, बंद पडलेला पंखा किंवा धुळीने भरलेली पेटी सुचवितो.

तपासणी व सुरक्षितता : संकेत पुसण्यापूर्वी तो, त्याची वेळ आणि मोटर सुरू होत होती की पूर्ण वेगात होती, हे नोंदवावे. त्यानंतर पुरवठा, जोड, मोटर, भार व शेवटी मांडणीतील मूल्ये या क्रमाने तपासणी करावी. संकेत येऊ नये म्हणून मर्यादा वाढविणे अयोग्य होय, कारण त्यामुळे दोष तसाच राहून संरक्षण तेवढे नाहीसे होते. अतिभारानंतर मोटर थंड होण्यास पुरेसा अवधी द्यावा.

समुद्राजवळच्या दमट हवेत व पावसाळ्यात निरोधन दुर्बल होऊन गळती प्रवाह वाढू शकतो. मेगरने निरोधन मोजताना मोटरीच्या तारा प्रारंभकापासून सोडवाव्यात. अन्यथा मेगरच्या दाबाने थायरिस्टर निकामी होऊ शकतात. प्रारंभक बंद असला, तरी थायरिस्टरांतून मोटरीच्या अग्रांवर दाब येतच असतो आणि एखादा थायरिस्टर लघुमंडलित झाल्यास पूर्ण दाबही येतो. म्हणून दर्शकावर ‘बंद’ दिसते एवढ्यावर विसंबून मोटरीस हात लावणे प्राणघातक ठरू शकते. मुख्य विलगक स्विच उघडून, त्यास कुलूप लावून व अग्रांवर दाब नसल्याची खात्री करून मगच कामास आरंभ करावा.