छायाचित्राची प्रत : घरी की प्रयोगशाळेत?

छायाचित्र टिपणारा एक आणि त्याची प्रत काढणारा दुसरा, ही गोष्ट आपण आज इतकी गृहीत धरतो, की एके काळी ही दोन्ही कामे एकाच माणसाला करावी लागत हे सांगूनही खरे वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रणाचा छंद म्हणजे रसायनांचाही छंद असे. जयपूरचे महाराज सवाई रामसिंह आणि त्रिपुराचे महाराज वीरचंद्र माणिक्य हे दोघेही हौशी छायाचित्रकार होते आणि दोघांनीही राजवाड्यातच काचा धुण्याची व प्रती काढण्याची व्यवस्था केली होती. माणूस राजा असला, तरी चांदीच्या क्षारांनी बोटे काळी होणे चुकत नसे.

ही जोडी फुटली ती १८८८ साली. त्या वर्षी अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन याने कोडॅक कॅमेरा पंचवीस डॉलरला विक्रीस आणला. त्यात शंभर चित्रांची फिल्म आधीच भरलेली असे. ती संपली की ग्राहकाने कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. दहा डॉलर घेऊन कारखाना चित्रांच्या प्रती आणि नव्या फिल्मने भरलेला कॅमेरा परत धाडी. बटण दाबावे एवढेच ग्राहकाचे काम, उरलेले सारे कारखान्याचे, असे ते आश्वासन होते. छायाचित्रण घराघरांत पोहोचले ते या सोयीमुळेच, यात शंका नाही. परंतु त्या ‘उरलेल्या’ कामात नेमके काय होते, हे पाहिल्याशिवाय घरी प्रत काढण्याचा खटाटोप कोणी का करतो ते कळणार नाही.

समजा, दुपारच्या उन्हात आपण ओसरीवर बसलेल्या आजीचे छायाचित्र घेतले. ओसरीच्या आत सावली आहे आणि अंगणातील भिंतीला नुकताच चुना दिलेला आहे. चकचकीत छायाचित्र-कागदावरील पांढरा भाग त्यावरील सर्वांत काळ्या भागाच्या सुमारे शंभरपट प्रकाश परावर्तित करतो. याहून मोठे अंतर कागदाला दाखवता येत नाही. उन्हातील भिंत आणि सावलीतील साडीचा काठ यांच्यातील अंतर मात्र याच्या कितीतरी पट असू शकते. निगेटिव्हमध्ये, म्हणजे फिल्मवरील उलट्या प्रतिमेत, हे बहुतेक सारे नोंदलेले असते. कागदावर ते सगळेच्या सगळे जसेच्या तसे उतरू शकत नाही. तेव्हा काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे कोणाला तरी ठरवावे लागते.

अंधारखोलीत हे ठरवण्याची साधने अगदी साधी असतात. एन्लार्जर नावाच्या यंत्रातून निगेटिव्हची मोठी प्रतिमा कागदावर पाडतात. कृष्णधवल कागदाला तांबडा प्रकाश जाणवत नसल्याने तांबड्या दिव्याच्या उजेडात काम करता येते. आधी कागदाच्या एका पट्टीवर पाच, दहा, पंधरा सेकंद असे वाढते प्रकाशन देऊन कोणता भाग योग्य उतरला ते पाहायचे. मग पूर्ण कागद लावून ठरलेल्या वेळाच्या काही भागात आजीच्या चेहऱ्यावर, तारेला चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या चकतीची सावली हलती ठेवायची, म्हणजे चेहरा काळवंडत नाही. त्यानंतर भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून केवळ भिंतीवर आणखी थोडा प्रकाश द्यायचा, म्हणजे चुन्याचे पोपडेही दिसू लागतात. पुढे कागद डेव्हलपरमध्ये टाकला, की कोऱ्या पांढऱ्या पृष्ठभागावर चित्र हळूहळू उमटू लागते. हा क्षण ज्याने एकदा अनुभवला, त्याला तो विसरता येत नाही; प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नाही. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स हा अमेरिकन छायाचित्रकार तरुणपणी पियानोवादक होता. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली स्वरलिपी आणि प्रत म्हणजे प्रत्यक्ष वादन, असे तो म्हणे.

प्रयोगशाळेला, म्हणजे बाजारातील कलर लॅबला, दिवसाकाठी शेकडो चित्रे काढायची असल्याने एकेका आजीपाशी थांबणे परवडत नाही. तिच्यासाठी एक तोडगा निघाला होता. कोडॅकमधील संशोधक राल्फ इव्हान्स याने विसाव्या शतकाच्या मध्यास असे दाखवून दिले, की सर्वसाधारण दृश्यातील सारे रंग एकत्र मिसळले तर त्यांची सरासरी जवळजवळ करडी येते. म्हणून यंत्राने प्रत्येक निगेटिव्हची सरासरी मोजावी आणि ती करडी होईल असा प्रकाश द्यावा. बहुसंख्य चित्रांना हा नियम लागू पडतो. पण लाल शालू नेसलेली वधू लाल पडद्यासमोर बसली की यंत्र फसते. त्याला वाटते, प्रकाशच तांबडा होता. ते तांबडेपणा कमी करते. त्यामुळे शालू फिका पडतो आणि वधूच्या चेहऱ्यावर हिरवट-निळी छटा येते. पांढऱ्या धोतर-सदऱ्यातील वृद्ध गृहस्थ पांढऱ्या भिंतीपुढे उभे असले, तर सारे चित्र मळकट होते. यंत्रावर बसलेला कसबी माणूस घनता आणि तीन रंग यांच्या कळा दाबून हे सुधारू शकतो, आणि आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकात ज्या असंख्य कलर लॅब निघाल्या त्यांतील चांगल्या लॅबची कीर्ती अशा माणसांवरच उभी होती. मात्र त्या माणसाने वधूला पाहिलेले नसते.

मग रंगीत प्रती घरीच का काढू नयेत? इथे अडचण तापमानाची होती. रंगीत कागदाच्या प्रचलित प्रक्रियेत डेव्हलपर ३५ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवून कागद त्यात जेमतेम ४५ सेकंद बुडवायचा असतो. तापमान थोडे चुकले तरी रंग बदलतो, आणि हे सारे जवळजवळ संपूर्ण अंधारात करावे लागते. कृष्णधवल कामाला साधारण २० अंश पुरतात, पण वैशाखात नळाचे पाणीच तीसच्या वर गेलेले असल्यामुळे बर्फाच्या परातीत रसायनांची भांडी ठेवण्याची युक्ती आपल्याकडील प्रत्येक हौशी माणसाला माहीत होती. कागदाचाही प्रश्न आहे. १९६० साली स्थापन झालेली उटकमंडची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी ‘इंदू’ नावाने कृष्णधवल फिल्म आणि कागद पुरवीत असे. तो कारखाना बंद पडल्यापासून हा माल परदेशातून येतो आणि त्यानुसार महागही पडतो.

आता अंधारखोलीची जागा बहुतेक घरी संगणक आणि शाई फवारणारे मुद्रणयंत्र यांनी घेतली आहे. पुठ्ठ्याची चकती गेली, तरी चेहरा उजळणे आणि भिंत गडद करणे हे काम तेच आहे. यंत्र सतत वापरात असेल तर ते गुणाचे; महिनोन्‌महिने पडून राहिले तर शाई सुकून त्याची सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि ती साफ करण्यातच बरीच शाई खर्ची पडते. शिवाय पडदा स्वतः प्रकाश टाकतो, कागद टाकत नाही. म्हणून पडद्यावर झळझळीत दिसलेले चित्र कागदावर काळसर उतरते आणि दोन-तीन कागद वाया जातात. हे वाया गेलेले कागद हिशेबात धरले, तर पोस्टकार्डाच्या आकाराची प्रत लॅबमध्येच स्वस्त पडते असे दिसून येईल. घरचा खर्च सार्थकी लागतो तो भिंतीवर लावायच्या मोठ्या, मोजक्या चित्रांपुरता.

टिकाऊपणाची बाजूही पाहावी लागेल. चांदीची कृष्णधवल प्रत नीट धुतली असेल तर शंभर वर्षे सहज टिकते. धुण्यात कसूर झाली आणि हायपो कागदात राहिला, तर काही वर्षांतच चित्र पिवळे पडते. जुन्या जाड कागदाला तासभर वाहते पाणी लागे. प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या कागदाला चार-पाच मिनिटे पुरतात. पाणीटंचाईच्या गावात हा फरक लहान नव्हे. वापरलेल्या हायपोत चांदी विरघळलेली असते. मोठ्या प्रयोगशाळा ती परत काढून घेतात, घरी मात्र ती मोरीत जाते. फवारलेल्या शाईच्या प्रतींत रंगद्रव्याच्या सूक्ष्म कणांची शाई ही विरघळणाऱ्या रंगाच्या शाईपेक्षा उन्हाला आणि हवेला अधिक तोंड देते.

लॅबचा मार्ग पत्करला, तरी सारे यंत्रावर सोडलेच पाहिजे असे नाही. स्वयंचलित दुरुस्ती बंद ठेवण्यास सांगता येते. मोठी प्रत काढण्यापूर्वी एक लहान नमुना मागून दिवसाच्या उजेडात पाहता येतो. चार गुणिले सहा इंच प्रतीला सुमारे १,२०० गुणिले १,८०० बिंदू पुरतात, तेव्हा साध्या फोनचे चित्रही चालते. एवढे मात्र पाहावे, की फोनची चौकट बहुधा चारास तीन या प्रमाणात असते आणि कागदाची सहास चार. आडवे चित्र कागदभर बसवायचे तर त्याच्या उंचीचा नववा भाग कापावाच लागतो. तो वरून कापायचा की खालून, हे आपण आधीच ठरवून पाठवले नाही, तर मागच्या रांगेत उभ्या असलेल्या पाहुण्यांची डोकी यंत्र खुशाल उडवून टाकते.