‘मला शिक्षक व्हावयाचे आहे’

“तू मोठेपणी कोण होणार?” असा प्रश्न वर्गात विचारला म्हणजे एखादे तरी मूल “मी गुरुजी होणार” किंवा “मी बाई होणार” असे उत्तर देते. आपण कौतुकाने हसतो व पुढच्या मुलाकडे वळतो. क्वचित प्रसंगी, दिवसभराच्या शिणामुळे, “दुसरे काहीही हो, पण मास्तर होऊ नकोस” असेही आपल्या तोंडून निघून जाते. मुलाच्या या उत्तराचा थोडा अधिक विचार शिक्षकबंधुभगिनींनी करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मधल्या सुट्टीत शाळा-शाळा खेळणारी मुले पाहावीत. गुरुजी झालेल्या मुलाच्या हाती छडी असते. तो हजेरी घेतो, फळ्यावर लिहितो आणि रागावतो. शिक्षकाच्या कामाचा जेवढा भाग मुलास दिसतो, तेवढाच खेळात उतरतो. रात्री तपासलेल्या वह्या, पाठाचे टाचण, एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसवून एकीस लेखन व दुसरीस वाचन देण्याची योजना, गैरहजर मुलाच्या घरी घातलेली खेप, हे सारे त्याच्या दृष्टीआड राहते. म्हणून त्याच्या मनातील आदर पुष्कळदा अधिकाराचा असतो, श्रमांचा नसतो.

हे न दिसणारे श्रम किती मोलाचे असतात, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी त्या वेळच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. लहानपणीच वैधव्य आल्यावर अनुताईंनी जिद्दीने शिक्षण घेतले होते व प्राथमिक शिक्षिका म्हणून काम केले होते. मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसताच या दोघींनी वस्तीच्या अंगणातच बालवाडी भरविली. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले दिवसभर गुरे राखीत, म्हणून शाळाच कुरणात नेण्यात आली आणि ‘कुरणशाळा’ जन्मास आली. महागडी साधने नव्हती, तेव्हा शिंपले, बिया, खडे व पाने हीच साधने झाली. मूल का येत नाही याचा शोध, हा तेथील पहिला पाठ होता, अक्षरओळख त्यानंतरची.

शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मुलास आपल्या कामाची ही बाजू दाखविता येईल. त्यासाठी पुढील गोष्टी कोणत्याही शाळेत करता येण्याजोग्या आहेत.

(१) “तुला शिक्षक का व्हावेसे वाटते?” असे विचारून त्याचे उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे.

(२) उद्याच्या पाठाची तयारी आपण कशी करतो, हे त्यास टाचणवही उघडून एकदा दाखवावे.

(३) वरच्या इयत्तेतील मुलाने खालच्या इयत्तेतील मुलास दहा मिनिटे शिकवावे. नंतर त्यास विचारावे, “त्याला समजले नाही, तेव्हा तू काय केलेस?” मात्र ही योजना शिक्षकाचे काम मुलांवर टाकण्यासाठी नव्हे, याचे भान असावे.

(४) १९६२ सालापासून ५ सप्टेंबर हा शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शिकविणाऱ्या मुलांकडून आदल्या दिवशी पाठाची तयारी करून घ्यावी, व पाठ संपल्यावर त्यांच्याशी बोलावे. वर्ग शांत ठेवण्यापेक्षा एका मुलास समजावून देणे कठीण आहे, हे त्यांना स्वानुभवाने कळेल. शिक्षकाच्या श्रमांची जाणीव भाषणांपेक्षा अशा अनुभवाने अधिक होते.

शेवटी आपल्या तोंडून जाणाऱ्या त्या वाक्याविषयी. जनगणना, निवडणूक व नाना तऱ्हेची माहितीपत्रके यांत शिक्षकाचा वेळ जातो, ही गोष्ट खरी आहे. त्या अडचणी बैठकीत व वरिष्ठांपुढे अवश्य मांडाव्यात. परंतु “मास्तर होऊ नकोस” हे शब्द ऐकणाऱ्या मुलास आपल्या अडचणी कळत नाहीत. मला शिकविणे गुरुजींना ओझे वाटते, एवढेच त्यास कळते. उलट आपण टाचण काढताना जे मूल शेजारी बसले असेल, त्याच्या हाती पुढे कदाचित एखाद्या गावची शाळा असेल. त्या शाळेचा पाया आज आपल्या वर्गात घातला जात आहे.