तलवार, सुरी आणि शेवटचा टायटन

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, सिलिथसमधल्या तलवारीचं पुढे काय होणार? तो तुम्हाला तासभर सोडणार नाही.

२०१७च्या अखेरीस 'लीजन' हे या खेळाचं पर्व संपलं, तेव्हा सार्गेरास नावाच्या पिसाळलेल्या टायटननं, म्हणजे देवतुल्य महाकायानं, कैद होता होता आपली तलवार ॲझेरॉथ या ग्रहाच्या अंगात खुपसली. सिलिथसच्या वाळवंटात शिरलं की खूप लांबूनच तिची मूठ आभाळात दिसते. जखमेतून ग्रहाचं रक्त, म्हणजे अझेराइट, वर आलं. पुढच्या वर्षी खेळाडूंनी आपापली नावाजलेली शस्त्रं पणाला लावून तलवारीतलं विष ओढून घेतलं, आणि त्यात ती शस्त्रं निस्तेज झाली. तलवार मात्र तिथेच राहिली. नवी पर्वं आली, गेली. तिच्याकडे कथेनं वळूनही पाहिलं नाही, आणि याचा राग मलाही आला होता.

हा खेळ २३ नोव्हेंबर २००४ला सुरू झाला. साधारण दर दोन वर्षांनी नवं पर्व येतं. कादंबरी लिहून झाल्यावर आपल्या हातात पडते. इथे गोष्ट लिहिली जात असताना लाखो माणसं तिच्यात राहत असतात. म्हणूनच पुढचं ओळखण्याचा नाद लागतो. काही जण टेस्ट सर्व्हरच्या फाइली उकरून पुढचे संवाद आधीच बाहेर काढतात. माझ्या मते तो अंदाज नव्हे, ती पेपरफुटी. खरा अंदाज समोर दिसतं त्यावरूनच बांधायचा असतो.

उदाहरण सुरीचं घ्या. २०१६मध्ये शॅडो प्रीस्ट या प्रकारचं पात्र खेळणाऱ्यांना झॅलॅटाथ नावाची सुरी मिळाली. ती बोलायची. तुम्ही रानातून चालला असाल, लढत असाल, मध्येच कानाशी कुजबुजायची. कधी चिथावणी, कधी जुन्या काळाची आठवण. बहुतेकांनी ती गंमत म्हणून ऐकली. काहींनी मात्र तिची वाक्यं टिपून ठेवली आणि म्हणाले, ही नुसती सुरी नाही, हिच्या आत कुणीतरी आहे. २०१९मध्ये ती सुरीतून सुटली, एका एल्फ स्त्रीचं शरीर घेऊन निघून गेली. आणि २०२४च्या 'द वॉर विदिन'मध्ये मुख्य खलनायिका म्हणून समोर उभी राहिली. जिनं कधीकाळी ती सुरी कमरेला लावली होती, तिला काय वाटलं असेल!

याच्या उलट 'शॅडोलँड्स' या पर्वातला खलनायक जेलर. २०२०मध्ये तो आला आणि जुन्या कितीतरी घटनांमागे त्याचाच हात असल्याचं आपल्याला कळलं. पण आधीच्या गोष्टीत त्याची चाहूलच नव्हती. मागाहून शिवलेलं ठिगळ खेळाडूंना लगेच दिसतं. अंदाज चुकला म्हणून कुणी रुसत नाही. अंदाज बांधायला धागाच ठेवला नव्हता, याचं दुःख असतं.

आता तलवारीकडे. नोव्हेंबर २०२३मध्ये या खेळाच्या कर्त्यांपैकी एक, ख्रिस मेट्झन यांनी एकदम तीन पर्वं जाहीर केली: 'द वॉर विदिन', 'मिडनाइट' आणि 'द लास्ट टायटन'. सोबतच्या चित्रफितीत अँडुइन आणि थ्रॉल ही खेळातली जुनी पात्रं भेटतात ती सिलिथसमध्येच, त्या तलवारीच्या साक्षीनं. आणि शेवटच्या टायटनचं बी तर २०१३मध्येच पेरलेलं होतं. रॅथियन या काळ्या ड्रॅगनच्या राजपुत्रानं वीजराजा लेई शेनचं काळीज खाल्लं, आणि क्षणभर त्याच्या तोंडून वेगळाच आवाज बोलला: आम्ही पडलो, शेवटचा टायटन पुन्हा उभा करायला हवा, अशा अर्थाचं काहीतरी.

तो टायटन म्हणजे ग्रहाच्या पोटात झोपलेली ॲझेरॉथच, हे बहुतेक सगळे मानतात. माझा अंदाज त्याच्या एक पाऊल पुढे आहे. शेवटची लढाई झॅलॅटाथशी नसेल, टायटनांशीच असेल. ॲझेरॉथनं कसं जागं व्हायचं हे ठरवण्याचा हक्क कुणाचा, यावरून. तलवार उपटली जाईल तीही तेव्हाच.

पटत नसेल तर 'द लास्ट टायटन' येण्याआधी एकदा नॉर्थरेंडच्या बर्फात, उल्डुआरला जाऊन या. टायटनांच्या वतीनं ग्रहाचा निवाडा करायला, गरज पडल्यास इथलं सगळं जीवन पुसून टाकायला आलेला अल्गालॉन तिथे भेटतो. हरल्यावर तो काय बोलतो, ते नीट ऐका. ते संवाद २००९पासून तिथे आहेत.