टोकाचं शल्य

आमच्या मैदानावर पोराचा बाण डावीकडे गेला की ओरडा पहिल्यांदा त्याच्या कोपराला बसतो. "कोपर वळव रे! कोपर!" तळेगाव ढमढेऱ्यात उसाच्या कडेला पत्र्याची एक शेड आहे, तिथे मी पोरांचे बाण बनवत बसतो. ओरडा ऐकला की मान खाली घालतो. का, ते सांगतो.

पोरं 'इंडियन राउंड' खेळतात. धनुष्य बांबूचं, बाण बांबूचा नाहीतर लाकडाचा, लक्ष्य ५० आणि ३० मीटरवर. लाखालाखाची परदेशी धनुष्यं ज्यांना परवडत नाहीत त्यांची सुरुवात इथूनच. काडीला मी मानवेल बांबू घेतो, तो जवळपास भरीव असतो. शेगडीवर शेकून सरळ करायचा, बुडाकडची जड बाजू पुढे घ्यायची, आणि पेर टोकाजवळ येईल अशा बेताने कापायचा, म्हणजे बाण आदळला तरी काडी उकलत नाही. इथवर कुणालाही जमतं. घोडं अडतं ते टोक बसवताना.

टोक म्हणजे धातूचं टोपण, आतून निमुळतं. काडीचं तोंडही तेवढंच निमुळतं तासावं लागतं. त्यासाठी पेन्सिलीच्या शार्पनरसारखं हत्यार मिळतं. त्याला दोन भोकं: एक ५ अंशांच्या उताराचं, टोकासाठी; दुसरं ११ अंशांचं, मागच्या नॉकसाठी, म्हणजे दोरी अडकते त्या खाचेसाठी. पहिल्या वर्षी पहिल्या दोन डझन काड्या मी नेमक्या दुसऱ्या भोकात फिरवल्या. टोपण नुसतं काठावर टेकलं, आत सगळी पोकळी. ती मी अ‍ॅराल्डाइटने बुजवली आणि खुशाल झोपलो. सकाळी बाण नखावर ठेवून फिरवला, तर टोक मरत्या भोवऱ्यासारखं डोलत होतं. टोपण सोडवायला आच दिली, तर माझ्या हातून बांबूच जळाला. शेवटी करवत घेतली आणि चोवीसच्या चोवीस बाणांची तोंडं इंचभर उडवली. नवी टोकं लावली. कुणाला काही बोललो नाही.

सुऱ्या-कोयते शेवटून देणारे एक लोहार होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांना मोडकी टोकं दाखवली तर हसले. "आरं, सुरीची मूठ कशी बसवत्यात, बघितलं न्हाईस व्हय कधी?" मुठीत लाख भरायची, सुरीचं शेपूट तापवून आत दाबायचं, झालं. तलवारीच्या मुठीही अशाच बसवत. सैल झाली तर पुन्हा तापवायची. "सुटाया आलं पायजे, तरच ते बसवणं," असं म्हणून तात्यांनी माझी टोकं बाजूला सारली.

तेव्हापासून मी गरम करून लावायचा गोंदच वापरतो. आधी टोपण आतून स्पिरिटने पुसायचं, कारण कारखान्याचं तेल राहिलं तर गोंद धरत नाही. मग पक्कडीत धरून दिव्यावर तापवायचं. गोंदाची कांडी काडीच्या तोंडावर फिरवायची. गोंद मधासारखा ओघळला पाहिजे, बुडबुडे आले म्हणजे करपला. टोपण फिरवत फिरवत चढवायचं आणि बाण उभा धरून पाटावर दाबून ठेवायचा. इथे पोरं घाई करतात. आत कोंडलेली हवा टोपणाला हळूच मागे ढकलते, अर्ध्या नखाएवढं. डोळ्याला दिसत नाही, ५० मीटरवर दिसतं.

वजनाचीही गंमत आहे. टोकं ग्रेनवर विकली जातात. १०० ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅमला थोडं कमी. एवढं बारीक तोलायला काटा कुणाकडे? सराफाकडे. गिऱ्हाईक मणी-मंगळसूत्र बघतंय आणि मी शेजारी लोखंडी टोकांची पुरचुंडी सोडून बसलोय. सराफ म्हणाले, "घडणावळ लावू का?"

त्या काट्यावरच डोक्यात प्रकाश पडला. टोक जड केलं की सुटताना काडी जास्त वाकते. काडी आखूड केली की ताठ होते. आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा ताठ बाण सरकतो डावीकडे. मी इंचभर उडवलेले ते चोवीस बाण एका सडपातळ पोराकडे गेले होते. आखूड हाताच्या पोराला आखूड बाण, असा माझा हिशोब. आख्खा हंगाम त्याच्या कोपरावर ओरडा झाला होता.

हंगाम संपला की पेंढ्याचं जुनं लक्ष्य आम्ही उसवतो. बाण उपसताना नुसती काडी हातात येते, टोक आतच राहतं. त्या वर्षी सतरा निघाली, गंजलेली. एका पोराने विचारलं, याला मराठीत काय म्हणतात? म्हटलं, शल्य. अंगात रुतून राहिलेलं बाणाचं टोक. शल्यक्रिया हा शब्द त्यावरूनच आला. शेडमध्ये क्षणभर सगळे गप्प झाले, मीही.

२०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी तिरंदाजीत जगज्जेते झाले, आणि आमच्या शेडपुढे नव्या पोरांची रांग लागली. त्याच गर्दीत तो सडपातळ पोरगा आला. आता चांगला बाप्या झालाय, कार्बनचे बाण वापरतो. एकाचं टोक सुटलं होतं. कार्बनलाही गोंद तापवूनच लावतात, फक्त आच टोकाला द्यायची, नळीला नाही. मी बसवून दिलं. त्याने नखावर फिरवून पाहिलं. टोक जागचं हललं नाही.

"काका, एक मारून बघू?"

मैदानात उभा राहिला, दोरी ओढली. ओरडणारं कुणी नव्हतं. तरी त्याने आधी कोपर वळवलं.