विधिपूर्वक प्यायचा कोको : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुणे, मुंबई आणि गोवा येथील ध्यान-योगाच्या वर्तुळांत ‘सेरेमोनियल ककाओ’, म्हणजे विधिपूर्वक प्यायचा कोको, हे पेय अलीकडे रुजले आहे. कोकोच्या बिया आंबवून, वाळवून व भाजून, त्यांतील स्निग्धांश न काढता वाटलेला लगदा गरम पाण्यात घुसळला की हे पेय होते.

हा विधी जसाच्या तसा माया संस्कृतीतून आला, हा त्याविषयीचा पहिला गैरसमज होय. कोको प्राचीन आहे, यात शंका नाही : इक्वेडोरमधील सांता आना-ला फ्लोरिदा येथे त्याच्या वापराचे सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचे पुरावे मिळाले आहेत, आणि ग्वातेमालातील रिओ अझुल येथे १९८४ मध्ये सापडलेल्या माया थडग्यातील एका भांड्यावर कोकोचे चित्रलिपीतील नावही रंगवलेले आढळले. मात्र माया लोक मका, मिरची व रानातील सुगंधी फुले घालून, एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेसाळलेले जे पेय विवाहप्रसंगी व मेजवान्यांत पीत, त्यात वर्तुळात बसून ‘हृदय उघडण्याचा’ संकल्प नव्हता. ते रूप गेल्या काही दशकांतील असून त्याच्या प्रसारात ग्वातेमालातील अतित्लान सरोवराकाठी स्थायिक झालेल्या परदेशी लोकांचा वाटा मोठा आहे. वेष्टनावर छापलेल्या ‘सेरेमोनियल’ या प्रतीला कोणतेही सर्वमान्य मानक नाही, आणि तिच्यासाठी मोजलेले जादा पैसे बहुधा त्या विशेषणाचेच असतात.

कोकोचा आयुर्वेदाशी जुना संबंध जोडणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की ही झाडे ईस्ट इंडिया कंपनीने १७९८ मध्ये तमिळनाडूतील कुर्तालम येथे प्रथम आणली. व्यापारी लागवडीला १९६० च्या दशकात केरळातील वायनाडमध्ये कॅडबरी कंपनीच्या पुढाकाराने वेग आला, तर १९७३ मध्ये स्थापन झालेल्या कॅम्पको या सुपारी बागायतदारांच्या सहकारी संस्थेने १९८६ मध्ये कर्नाटकातील पुत्तूर येथे चॉकलेटचा कारखाना काढला. पुणे जिल्ह्यातील इंदुरी येथे चॉकलेटचा मोठा कारखाना आहे म्हणून शेजारच्या मुळशी तालुक्यातही कोको पिकेल, असे मात्र नाही. उदाहरणार्थ, मुळशीतील चांदे हे भातशेतीच्या पट्ट्यातील गाव असून तेथे पावसाळ्यात पाणी मुबलक असले, तरी त्यानंतरचे कोरडे महिने आणि हिवाळ्यातील गारठा या दमट सावलीच्या झाडाला मानवत नाहीत. ते नारळी-पोफळीच्या बागेत आंतरपीक म्हणून सुखाने वाढते. चांद्यातील घरी करायच्या पेयासाठी केरळ-कर्नाटकातील बिया पुरेशा आहेत, त्या ग्वातेमालाहून मागवण्याचे कारण नाही.

‘कच्चा’ कोको अधिक गुणकारी, हा समजही तपासून पाहावा लागतो, कारण बिया गरासह पाच-सहा दिवस आंबवताना ढीग आपोआप ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि या आंबवण्याशिवाय चॉकलेटचा वास निर्माणच होत नाही.

फायद्यांबाबत सर्वाधिक अतिशयोक्ती होते. कोकोतील मुख्य उत्तेजक द्रव्य थिओब्रोमिन हे कॅफिनचे सौम्य भावंड असून, २५ ग्रॅम लगद्यात ते साधारण अडीचशे ते चारशे मिलिग्रॅम असते, शिवाय चहाच्या कपाइतके कॅफिनही असते. तेव्हा जाणवणारी तरतरी खरी असते, पण भ्रम किंवा साक्षात्कार घडवणारे द्रव्य त्यात नाही. कोकोत आढळणारे आनंदामाइड इतके अत्यल्प असते की मनःस्थिती बदलण्याचे श्रेय त्याला देता येत नाही. फ्लॅव्हनॉल या वनस्पतिजन्य संयुगांचा आधार अधिक भक्कम आहे : रोज २०० मिलिग्रॅम कोको-फ्लॅव्हनॉल रक्तवाहिन्यांची लवचीकता राखण्यास मदत करतात, हा दावा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये ग्राह्य धरला. तथापि अमेरिकेत २१ हजारांहून अधिक वृद्धांवर झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉसमॉस’ चाचणीत रोज ५०० मिलिग्रॅम घेऊनही हृदयविकाराच्या एकूण घटनांत लक्षणीय घट दिसली नाही. शिवाय त्या २५ ग्रॅमांत सुमारे १३ ग्रॅम स्निग्धांश असतो, हे उपवासाला पिणाऱ्यांनी विसरू नये. नैराश्यावरील एमएओ-रोधक औषधे घेणाऱ्यांनी, हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी वैद्याला विचारूनच ते घ्यावे.

घरी करण्याची कृती अवघड नाही, मात्र वेळखाऊ आहे. आंबवून वाळवलेल्या बिया लोखंडी कढईत मंद आचेवर, टरफल तडकेपर्यंत सतत हलवत भाजाव्यात, निवल्यावर चोळून सुपात पाखडाव्यात आणि आतला मगज कोमट केलेल्या पाट्यावर वरवंट्याने वाटावा. माया घरांतील ‘मेटाटे’ नावाचा दगडही आपल्या पाट्यासारखाच होता. वाटण्याच्या उष्णतेने स्निग्धांश वितळतो आणि कोरडा भुगा काही वेळाने आपणहून सैल होतो. तो लगेच सैल होत नाही म्हणून पाणी घालण्याची चूक बहुतेक जण करतात, आणि त्याने लगदा घट्ट होऊन फुकट जातो. साच्यात थिजवलेल्या वडीतून २० ते २५ ग्रॅम किसून, उकळी न आलेल्या गरम पाण्यात रवीने फेस येईपर्यंत घुसळावे, गूळ व चिमूटभर तिखट चवीपुरते घालावे. उरलेली वडी बंद डब्यात उंचावर ठेवावी, कारण माणसाला मानवणारे थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते आणि त्याच्यासाठी ते विष ठरते.